दहाची मिटिंग आणि रात्री दोनची लाईन : गावाकडच्या वेळेचं गणित

पांदणरस्ता
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. आमच्या शेतकरी गटाच्या लिखापढीचं काम माझ्याकडे आहे.

मागच्या आठवड्यात गटाची बैठक सकाळी दहाला ठेवली होती. शहरातून हरभऱ्यावर बोलायला एक पाहुणे आले होते. ते पावणेदहालाच हजर. दहा वाजता समाजमंदिरात आम्ही तिघं. अकराला नऊ जण. सवाबाराला सतरंजीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पाहुणे चांगले बोलले, लोकांनी नीट ऐकलं, पण गाडीत बसताना ते म्हणाले, "तुमच्या गावाला वेळेची किंमत नाही हो."

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. कारण बैठकीच्या आदल्या रात्री मी ओलिताला वावरात होतो. दोनला लाईन, म्हणजे शेतीची वीज, यायची होती. पावणेदोनला चहूकडे बॅटऱ्या लुकलुकत होत्या. लोक मोटारीच्या पेटीपाशी घोंगडी पांघरून उभे होते. दोनला लाईन आली आणि सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या. एकही माणूस उशिरा आला नव्हता. सकाळी बाराला आले ते हेच लोक.

मग ह्यांना वेळेची किंमत नाही असं कसं म्हणायचं? की आपल्याकडे वेळ मोजायची रीतच निराळी आहे? बाहेरच्या देशांत राहिलेले लोकही इथे आहेत. आपापला अनुभव लिहा. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

डवरणी
भाऊ, उत्तर तुमच्याच पोस्टीत हाय. लाईन थांबत नाई, मिटिंग थांबते. ज्याले थांबता येते त्याच्यासाठी मानूस कायले पयीन?

विहीर_अन्_मोटार
डवरणी, शंभर टक्के. शेतीच्या लाईनचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि बाकीचे दिवस रात्री, अशी पाळी असते. त्यामुळे आमचा आठवडा सोमवार-मंगळवार असा नसतोच. "आज दिवसपाळी की रातपाळी?" हाच आमचा वार. रात्रभर सरीला पाणी फिरवलेला माणूस सकाळी घरी येऊन आंघोळ करतो, भाकर खातो आणि आडवा होतो. दहाला तो झोपेत असतो. पांदणरस्ता, तुमची मिटिंग त्याच्या मध्यरात्री होती असं धरा.

मागच्या वर्षी माझ्याकडे सौर पंप बसला. पहिला आठवडा मला रात्री दीडला आपोआप जाग यायची. उठून बसायचो आणि मग आठवायचं की आता जायचं नाही. पंधरा वर्षांची सवय अंगातून निघायला दोन महिने लागले. आमची मायसुद्धा उठून दिवा लावायची.

निवृत्त_गुरुजी
विषय माझ्या आवडीचा आहे, थोडं लांब लिहितो.

आपल्या मनगटावरचं घड्याळ दाखवतं ती वेळ आपल्या गावाची नाहीच. भारतीय प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून लागू झाली. ती 82.5 अंश पूर्व रेखांशावरची, मिर्झापूरजवळची. यवतमाळ साधारण 78 अंशांवर आहे. एका अंशाला 4 मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या 18 मिनिटं मागे चालतो. बुलढाण्याचा 25 मिनिटं मागे, गडचिरोलीचा 10. म्हणजे विदर्भाच्या दोन टोकांमध्येच पाव तासाचा फरक आहे, आणि तो फक्त सूर्याला आणि गुराढोरांना माहीत आहे. मुंबईने तर स्वतःची निराळी वेळ 1955 पर्यंत सोडली नव्हती.

त्याआधी आपला हिशेब घटकांचा. दिवसाच्या 60 घटका, एक घटका 24 मिनिटांची. घटकेची 60 पळं, एक पळ 24 सेकंदांचं. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की घटका भरली. माझ्या लहानपणी लग्नात अंतरपाटाजवळ घंगाळात ही वाटी ठेवलेली मी पाहिली आहे. शेजारी घड्याळ बांधलेले चार पाहुणे उभे होते, पण भटजींची नजर वाटीवर.

मोजणी सुरू व्हायची सूर्योदयापासून. पंचांगात वार आजही सूर्योदयाला बदलतो. मध्यरात्री दिवस बदलतो ही गोष्ट माझ्या आजीला शेवटपर्यंत पटली नाही. ती म्हणायची, "सारं जग निजलं असताना दिवस कोणी बदलवला?"

तुरीच्या_शेंगा
गुरुजी, म्हणजे "घटकाभर बसा, चहा टाकते" म्हणणारी आमची मावशी 24 मिनिटं सांगते! मोजून पाहिलं पाहिजे. माझ्या अंदाजाने तिचा चहा बरोबर तेवढाच वेळ घेतो, कारण आधी चूल पेटवावी लागते.

अदिसचा_पाहुणा
सूर्योदयापासून मोजणी म्हटलं म्हणून लिहितो. मी मूळचा अकोटकडचा, कामानिमित्त तीन वर्षं इथिओपियात, अदिस अबाबाला होतो. पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हरला म्हटलं, उद्या दोनला ये. तो सकाळी आठला दारात! मी दाढी करत होतो. त्यांचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो. आपले सात म्हणजे त्यांचा एक, आपले आठ म्हणजे दोन. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली बोलणारेही असंच मोजतात. विषुववृत्ताजवळ सूर्य बारमाही सहाच्या आसपास उगवतो, म्हणून ते जमतं.

त्यांचं वर्षही वेगळं आहे. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा. नवं वर्ष 11 सप्टेंबरच्या सुमारास, पावसाळा सरताना, रानात पिवळी फुलं फुलतात तेव्हा. आपल्या इंग्रजी सनापेक्षा ते सात-आठ वर्षं मागे आहेत. त्यांनी 2000 साल साजरं केलं ते आपल्या 2007 च्या सप्टेंबरात.

मला तिथे परकं वाटलं नाही. आमच्या आजोबांचंही वर्ष 1 जानेवारीला कधी सुरू झालं नाही. त्यांचं वर्ष मिरगापासून.

डवरणी
आमच्याकडं सालदाराचं, म्हंजे वर्षाच्या ठरावावर राबनाऱ्या गड्याचं, साल गुढीपाडव्याले बदलते. त्या दिवशी जुना हिशेब मोकया, नवा ठराव. माह्या बापानं बावीस सालं एकाच वाड्यात काढली. तो कधी "बावीस वर्षं" म्हनत नव्हता, "बावीस पाडवे" म्हने.

रेल्वेरूळ
सगळ्यांचं वाचलं. मी जरा वेगळं बोलणार आहे.

आपण आपल्या उशिराला फार लवकर संस्कृतीचं नाव देतो. माझा जन्म बडनेराजवळच्या खेड्यात, नोकरी रेल्वेत. उशीर म्हणजे दुसऱ्या माणसाचा दिवस खाणं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते पाहुणे दोन तास बसून राहिले, त्यांचे दोन तास कोणी दिले? जे तिघं दहाला आले त्यांचं काय? ते पुढच्या वेळी बाराला येतील, आणि मग सगळं गाव बाराचंच होईल. वेळेवर येणाऱ्याला शिक्षा आणि उशिरा येणाऱ्याला तयार सतरंजी, ही रीत मला मान्य नाही.

2018 च्या मे महिन्यात जपानमध्ये एक गाडी 25 सेकंद आधी सुटली, तर रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली. लोकांना ते हसण्यासारखं वाटतं. मला वाटत नाही. फलाटावर धावत येणाऱ्या माणसाची कोणीतरी कदर केली, असं मला त्यात दिसतं. आणि जपानी माणूस जन्मजात तसा आहे असंही नाही. 1873 पर्यंत त्यांच्याकडेही दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग होते, ऋतूप्रमाणे लांबणारे, आखडणारे. शिकले ते.

निवृत्त_गुरुजी
रेल्वेरूळ, तुमचा मुद्दा खरा आहे. फक्त शिकणं कसं घडतं तेही पाहू. नागपुरात एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. खेड्यातून तिथे गेलेला माणूस भोंग्यावर उठायला शिकला, कारण भोंग्याला चुकला तर मजुरी कापली जायची. सूर्याकडे बघणारा भोंग्याकडे बघू लागला तो पोटासाठी.

पऱ्हाटी
मी इथे फार लिहीत नाही, वाचते. पण हे सगळं पुरुषांच्या वेळेचं चाललंय म्हणून लिहिते.

आमच्या गटातल्या बायांचीही बैठक असते. तीही दहाची, आणि तीही साडेअकराला भरते. मी एकदा वहीत लिहून काढलं. पहाटे चारला उठणं, सडा, पाणी भरणं, चूल, दोन डबे, पोराची शाळा, सासऱ्यांचं औषध. आठला वेचायला जायचं. कापूस किलोवर असतो, तासावर नसतो. सकाळच्या दवात बोंड ओलसर असतं, पुढे उन्हात पाला वाळून कचरा कापसाला चिकटतो. म्हणून सकाळचे तीन तास सोन्याचे. बैठकीला यायचं म्हणजे ते तीन तास सोडायचे, म्हणजे आठ-दहा किलो कापूस. मग बाई काय करते? उन्हं तापेपर्यंत वेचते, गाठोडं बांधते आणि मग येते. तिला उशीर झालेला नसतो. ती शक्य तितक्या लवकर आलेली असते.

आणि रेल्वेरूळ दादा, दुसऱ्याचा दिवस खाण्याबद्दल तुम्ही बोललात ते मला फार पटलं. तेच पुढे नेते. विधवा पेन्शनच्या एका कागदासाठी मी एका कार्यालयात तीन चकरा मारल्या. सकाळच्या मुक्कामी एसटीने निघायचं, दहाला दारात. साहेब साडेबाराला. मग जेवण. मग "उद्या या". माझे तीन रोज गेले, तीन दिवसांची मजुरी. तिथे कोणी म्हटलं नाही की ह्या कार्यालयाला वेळेची किंमत नाही. थांबायचं कोणी हे आधीच ठरलेलं असतं, एवढं मला त्या बाकड्यावर कळलं.

तुरीच्या_शेंगा
ताई, हे वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

विहीर_अन्_मोटार
पऱ्हाटी ताई, मी गटाचा सदस्य आहे आणि बैठकीची वेळ ठरवताना कधी बायांना विचारलं नाही. चुकलं. आज लिहून ठेवतो.

रेल्वेरूळ
ताई, तुमचा मुद्दा मान्य. माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण ते कार्यालयाच्या खुर्चीलाही तेवढंच लागू आहे. आधी तिलाच.

मोहफूल
मी गडचिरोली जिल्ह्यात, भामरागडकडे शिक्षिका आहे. वेळेच्या बाबतीत माझं शिकणं इथे आल्यावर सुरू झालं.

मार्च-एप्रिलमध्ये वर्ग निम्मा रिकामा. पहिल्या वर्षी मी हजेरीपटावर लाल खुणा केल्या. मग एका मुलीच्या घरी मुक्कामाला गेले. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. ऊन चढायच्या आत, गुरं आणि अस्वलं पोचायच्या आत वेचावी लागतात. सगळं घर साडेतीनला टोपल्या घेऊन निघालं. ती आठ वर्षांची पोर अंधारात माझ्यापुढे चालत होती, आणि कुठल्या झाडाची फुलं आज जास्त पडतील ते सांगत होती. वर्षाच्या मीठ-मिरचीचा मोठा आधार त्या तीन आठवड्यांत उभा राहतो. त्यानंतर मे महिन्यात तेंदूपत्ता.

माडिया लोकांत सणाला पंडुम म्हणतात. रानातलं किंवा वावरातलं नवं काही आलं की आधी त्याचा पंडुम होतो, मग ते खायचं. तारीख छापलेली नसते. गाव बसतं, पीक बघतं, ठरवतं. मी एकदा विचारलं, "यंदा कधी?" एक म्हातारे म्हणाले, "तयार झालं की." मला ते टाळणं वाटलं होतं. आता वाटत नाही. आंबा कच्चा असताना कॅलेंडरवर सण आला म्हणून तो पिकत नाही.

वरूडची_संत्री
आमच्या सीमेवर तर दोन-दोन महिने एकदम नांदतात! वरूडच्या पलीकडे मध्य प्रदेश. आमच्याकडे महिना अमावास्येला संपतो, त्यांच्याकडे पौर्णिमेला. म्हणून त्यांचा श्रावण आमच्या पंधरा दिवस आधी लागतो. माझं माहेर मुलताईकडचं, सासर इकडचं. पहिल्या वर्षी माहेरचा श्रावण सुरू झाला म्हणून मी उपास धरला, तर सासूबाई म्हणाल्या, "अजून आषाढ आहे, जेव पोटभर." पोळ्याची अमावास्या मात्र दोन्हीकडे एकाच दिवशी. आम्ही तिला श्रावणातली म्हणतो, माहेरी भादव्यातली. बैलाला त्याने फरक पडत नाही, त्याला दोन्हीकडे पुरणपोळी.

झाडीची_रात
थोडं विषयाबाहेर, पण मोहफूल ताईंमुळे आठवलं. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू होते आणि गावोगाव नाटकं लागतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्या नाटक मंडळ्यांचं ठाणं. जेवणं उरकून दहा-अकराला पडदा उघडतो आणि उजाडताना पडतो. थंडीत लोक तणस अंथरून, चादरी घेऊन बसतात. पोरं मध्येच झोपतात, लढाईच्या प्रवेशाला आजी त्यांना उठवते. नाटक किती तासांचं, असं कोणी विचारत नाही. रात्र जेवढी, तेवढं नाटक.

पुण्याहून आलेला माझा मित्र दीडला म्हणाला, "आता संपवायला हवं ना?" माझ्या काकाने त्याला विचारलं, "काहून? कोठं जायाचं हाय तुले ह्या वेळेले?" त्याला उत्तर देता आलं नाही. सकाळी तोच सगळ्यांत शेवटी उठला तिथून.

अदिसचा_पाहुणा
झाडीची_रात, वा! आमच्याकडे भागवत सप्ताहाची काल्याची पंगत अशी असते.

निवृत्त_गुरुजी
भाषेचं एक सांगायचं राहिलं होतं. पांदणरस्ता यांनी पहिल्या पोस्टीत "मागच्या आठवड्यात" लिहिलं. आपण गेलेल्या काळाला मागचा म्हणतो, येणाऱ्याला पुढचा. हे सगळीकडे असंच नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात आयमारा भाषा बोलतात. त्यांच्यासाठी गेलेला काळ डोळ्यांसमोर असतो, कारण तो पाहिलेला आहे. येणारा काळ पाठीमागे, कारण तो दिसत नाही. बोलताना त्यांचे हातही तसेच हलतात. आणि आपला "परवा" पाहा, तो होऊन गेलेलाही असतो आणि यायचाही असतो. क्रियापदच त्याला जागेवर बसवतं.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला केप यॉर्कच्या भागात कूक थायोर नावाची भाषा आहे. त्या लोकांना एकाच माणसाचे बालपणापासून म्हातारपणापर्यंतचे फोटो क्रमाने लावायला दिले, तर त्यांनी ते पूर्वेकडून पश्चिमेकडे लावले, स्वतःचं तोंड कुठेही असो. वाचलं तेव्हा मला आमचे गावकरी आठवले. आपण दिशेलाच उगवत आणि मावळत म्हणतो. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात माणूस "डाव्या बाजूचा धुरा" म्हणत नाही, "उगवतीचा धुरा" म्हणतो.

ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यात न्हेंगातू बोलणारे लोक वेळ सांगताना आकाशात बोट दाखवतात. सूर्य तिथे असेल तेव्हा, असा अर्थ. माझे वडील अगदी हेच करायचे. "एवढ्यावर दिवस आला की निघू," आणि हात कडुनिंबाच्या शेंड्यावर. आम्ही भावंडं बिनचूक त्या वेळेला बैलगाडीत बसलेलो असायचो. दिवस कासराभर, म्हणजे बैलाच्या दोराएवढा, वर आला म्हणजे किती, हे मी आजही सांगू शकतो. शाळेतल्या मुलांना सांगून पाहिलं, त्यांनी कासरा पाहिलेला नव्हता.

काकडआरती
गावाकडे मिनिट पाळत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा गुरुकुंज मोझरीला यावं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण 11 ऑक्टोबर 1968 रोजी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी झालं. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात त्याच मिनिटाला मौन श्रद्धांजली असते. गावागावांतून आलेला लाखोंचा समुदाय जिथल्या तिथे उभा राहतो. मी लहानपणापासून आईबरोबर जाते. पाखरांचा आवाज ऐकू येतो इतकी शांतता असते. ह्यांत शेतकरी आहेत, मजूर आहेत, तुमच्या बैठकीला बाराला येणारेही असतील. 4:58 ला कोणी उशीर करत नाही.

आणखी एक बघा. दिवस तिथीचा, आश्विन वद्य पंचमी. मिनिट घड्याळाचं. दोन्ही एकत्र, आणि कोणाला त्यात अडचण वाटत नाही.

पांढरी_साडी_निळी_किनार
काकडआरती ताई, आमच्याकडेही तसंच. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, त्या दिवशी दसरा होता. म्हणून दीक्षाभूमीवर आम्ही विजयादशमीला जातो, आणि 14 ऑक्टोबरलाही वंदनेला जातो. माझी आजी पहिल्या दिवशी तिथे होती. तिला तारीख विचारली तर ती म्हणायची, "सोयाबीन नव्हतं तेव्हा. ज्वारी पोटरीत होती." तिच्या डोक्यात तो दिवस वावरातून सापडायचा.

डवरणी
वा माय. ज्वारी पोटरीत होती. डोयापुढं उभं रायलं.

रेल्वेरूळ
4:58 चं वाचून मी गप्प झालो. मी स्वतः तिथे एकदा उभा होतो आणि इथे वाद घालताना मला ते आठवलं नाही. मग माझा प्रश्न बदलतो. लोकांना मिनिट पाळता येतं, तर आपल्या बैठकीत असं काय नाही, की त्यासाठी त्यांनी पाळावं?

पांदणरस्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहितोय, कारण मधे वेचा जोरात होता.

रेल्वेरूळ यांचा प्रश्न आणि पऱ्हाटी ताईंची वही मी गटात वाचून दाखवली. आधी कोणी बोललं नाही. मग एक म्हातारे म्हणाले, "दहा हे कोणं ठरवलं?" मी म्हणालो, मीच. "काहून दहा?" तर मला उत्तर नव्हतं. कागदावर दहा बरं दिसतं म्हणून. शहरातल्या पाहुण्याला सोयीचं म्हणून.

मग वेळ सगळ्यांनी मिळून ठरवली. लाईनची दिवसपाळी असेल त्या आठवड्यात, रात्री जेवणं झाल्यावर साडेआठला. बायांनी सांगितलं की भांडी आवरून यायला पावणेनऊ होतात, तर पावणेनऊ. वेळ फळ्यावर लिहिली आणि खाली लिहिलं की बैठक एक तासाची, पावणेदहाला उठायचंच. हे शेवटचं कलम बायांचं. त्यांना पहाटे चारला उठायचं असतं.

काल पहिली बैठक झाली. 8:45 ला एकतीस जण होते. आठ जण नंतर आले. त्यातले दोघं जागलीला जाऊन, रानडुकरांसाठी लाईट लावून आले होते. त्या तिघांना, जे त्या दिवशी दहाला आले होते, मी पुढे बसवलं आणि सर्वांदेखत माफी मागितली. पाहुण्यांनाही फोन केला. पुढच्या महिन्यात त्यांना मुक्कामालाच बोलावलंय. त्यांनी विचारलं, "रात्री नेमकं किती वाजता पोचू?" मी म्हटलं, दिवस बुडायच्या आत या, वावर दाखवायचं आहे.

पऱ्हाटी
पावणेदहाला उठलात का खरंच?

पांदणरस्ता
9:52 झाले ताई. सात मिनिटं तुमची देणं लागतो.

तुरीच्या_शेंगा
मावशीचा चहा मोजला. 26 मिनिटं. सरपण ओलं होतं.